शिरवळला जायची गाडी

आमच्या ओजसचं जावळ काढलं ते वर्ष २०४३. वैशाखाचे दिवस होते. वाईच्या भैरोबाच्या देवळात ओजसचा मामा पाटावर बसून भाच्याला मांडीवर घेऊन तयार होता. न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवून ठेवला होता आणि पोराची आई अजून यायची होती. आई म्हणजे माझी सून समिधा. शिरवळच्या एका औषधांच्या कारखान्यात ती तपासणी विभागात काम करते. त्या दिवशी तिला अर्ध्याच दिवसाची सुट्टी मिळाली होती.

"वस्तरा गंजंल आता," माझी धाकटी बहीण हौसा म्हणाली. "आईबिगर काढा जावळ. केस काय आईला बघून उगवत्यात व्हय?"

तेवढ्यात समिधा पायऱ्या चढून वर आली. "आले हो आत्या. तुमचा आवाज खालपर्यंत आला म्हणून पळत आले."

"पळत आलीस म्हंजे गाडीपेक्षा पाय बरं म्हणायचं."

"गाडीत तुम्ही नसता ना, म्हणून ती हळू चालते. भीती कुणाची वाटणार तिला?"

मामाने हसू दाबलं. मी दाबलं नाही. या दोघींचं असंच होतं. माझा मुलगा रणधीर चार वर्षांचा असताना माझी बायको गेली, तेव्हापासून हौसाने त्याला वाढवलं. ती एसटीत कंडक्टर होती. वाई आगारात तिची घंटी लांबून ओळखू यायची. लग्न केलं नाही, भावाचं घर आपलं मानलं. समिधा सून म्हणून आली तेव्हा हौसा नुकतीच निवृत्त झाली होती. गाडीभर माणसांना बोलायची सवय असलेल्या बाईला आता घरात एकच माणूस पुरेसं बोलणारं मिळालं. पोह्यात शेंगदाणे किती, कपडे दोरीवर उलटे घालायचे की सुलटे, पाहुण्यांना चहा आधी की पाणी, असा एकही विषय त्यांनी सोडला नव्हता. सुरुवातीला मी मध्ये पडायचो. पुढे ते सोडून दिलं.

जावळ झालं. पंगत बसली. पुरणपोळीचा तुकडा हातात तसाच धरून समिधा ताटावर बसल्या बसल्या झोपली. रणधीरने तिला हलवलं तेव्हा ती दचकून उठली आणि सगळ्यांसमोर तिने मनातलं सांगून टाकलं.

"नाना, मला हा रस्ता झेपत नाही. कारखाना शिरवळला घर देतोय. दिवाळीच्या आधी हो की नाही सांगायचं आहे. मला वाटतं आम्ही तिघं तिकडं राहायला जावं."

रणधीर वाईच्या शाळेत गणित शिकवतो. तो खाली बघून म्हणाला, "मी उलटा प्रवास करीन, नाना."

 मांडीवरचा तुळतुळीत डोक्याचा ओजस माझी मिशी ओढत होता. तो शिरवळला गेला तर ही मिशी कुणाच्या कामाची, एवढंच मनात आलं.

हौसा मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "गाडी आपली आपण चालती. तू नुसती हात मांडीवर ठिवून बसतीस. मग दमतीस कशानं?"

प्रश्न माझ्याही मनात होता. त्याचं उत्तर त्या काळात डॉक्टरांनाही नुकतंच सापडलं होतं. गाड्या स्वतः चालू लागल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता माणूस ताजातवाना घरी येईल. झालं उलटं. माणसाचं शरीर चालत्या वस्तूत बसलं की आपोआप सावध राहतं. कान, डोळे, पाठीचा कणा, सगळे पुढच्या वळणाची वाट बघत असतात. पण हातात करायला काहीच नसेल तर ती सावधगिरी कुठे खर्च होत नाही, आतल्या आत साचते. चुलीवर झाकण लावून ठेवलेल्या पातेल्यासारखं. डॉक्टर त्याला बसका शीण म्हणायचे. ज्यांना रोज लांबचा प्रवास, त्यांना तो जास्त. त्यावर औषध नव्हतं. उपाय एकच होता, प्रवासात जीव रमला पाहिजे.

म्हणून गाड्यांच्या कंपन्यांनी वेग आणि मायलेज यांच्या जाहिराती बंद केल्या. तसंही सगळ्या गाड्या एकाच वेगाने, एकामागे एक, मुंग्यांसारख्या जात होत्या. आता त्या रमणूक विकायला लागल्या. आणि रमणूक मोजायचं यंत्रही निघालं.

ते यंत्र म्हणजे सीटचं कापडच. त्यात केसाहून बारीक तारा विणलेल्या असत. माणूस टेकून बसला की त्याचे ठोके, श्वास, पाठीची ऊब आणि अंग कुठे सैल पडतंय, कुठे ताठतंय, हे त्या तारांना कळायचं. आपल्या दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी सारखं नसतं. कंटाळलेल्या माणसाचे ठोके घड्याळासारखे एकसुरी पडतात. भ्यायलेल्याचे ठोके घट्ट आणि भराभर. ज्याचा जीव रमलाय त्याचे ठोके थोडे मागेपुढे खेळत पडतात. हजारो माणसांच्या पाठी अभ्यासून यंत्राला हा फरक शिकवलेला होता. माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण पाठ खोटं बोलत नाही. मी आयुष्यभर दगडाच्या खाणीवर काम केलं, मला हे पटायला वेळ लागला नाही. शंभरापैकी आकडा यायचा. सत्तरच्या वर गेला की शीण येत नाही, असं कंपनी छातीठोक सांगायची. दिवाळीपर्यंत तेवढा आला नाही तर गाडी बदलून देऊ, असंही सांगायची.

"बघू या एकदा," रणधीर म्हणाला. "जमलं तर राहू. नाही जमलं तर जाऊ."

तेवढ्यावर सगळं ठरलं.

रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. आम्ही म्हणजे सगळे. समिधा, रणधीर, ओजस, हौसा आणि मी. बरोबर दशम्या, चटणी आणि पाण्याचा थर्मास. दुकानात तौफिक नावाचा मुलगा होता. विशीतला, गोड बोलणारा. त्याने आम्हाला बघितलं आणि हात जोडले.

"ताई एकट्याच बसतील गाडीत. रमणुकीचं मीटर त्यांचं काढायचंय. बाकी सगळ्यांनी इथं चहा घ्या."

हौसाने थर्मास त्याच्या टेबलावर ठेवला. "हिला बघायला आम्ही सात जण गेलो हुतो. आन् गाडी बघायला हिला एकटी धाडू?"

"मावशी, कंपनीचा नियम आहे. दुसरं कोण असलं तर यंत्राला..."

"तुझं यंत्र माणसांना लाजतंय का?"

तौफिकने रणधीरकडे बघितलं. रणधीरने छताकडे बघितलं. ज्या कुणी तो नियम लिहिला तो माणूस एकट्याने खरेदीला जाणाऱ्या गावातला असणार. आमच्याकडे साधी पिठाची चक्की घ्यायची तरी शेजारीण बरोबर लागते. तौफिकने हार मानली. तो पुढे समिधाच्या बाजूला बसला, आणि आम्ही मागे कोंबून बसलो. हौसा बरोबर समिधाच्या पाठीमागे.

पहिली गाडी लाल, बुटकी. नाव भिंगरी.

"हिच्यात बसायचं म्हंजे इहिरीत उतरल्यागत," हौसा म्हणाली.

आखून दिलेल्या रस्त्यावर गाडी हाताने चालवायची मुभा होती. समिधाने स्टेअरिंग हातात घेतलं.

"डावीकडनं सायकल."

"दिसली, आत्या."

"दिसली तर हॉर्न का न्हाई?"

"तो उभा आहे. सायकल भिंतीला टेकवून तंबाखू मळतोय."

"उभा माणूस कवा चालंल सांगता येत न्हाई. उभा जलम गाडीत उभी ऱ्हायलीय मी."

"उभ्याच राहिलात. चालवली कुणी?"

"चालवणाऱ्याला घंटी कोण देत हुतं? मी घंटी देईपातूर गाडी फलाटावरनं हालायची न्हाई."

"म्हणूनच सगळ्या गाड्या लेट!"

तौफिक हातातल्या पडद्याच्या पाटीवर आकडा बघत होता. "अरे वा!" तो ओरडला. "ताई, नव्वदच्या घरात! गाडी तुमच्या एकदम मनात बसली."

"छान आहे गाडी," समिधा म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. आम्हाला सगळ्यांना ते गाडीमुळेच वाटलं.

भिंगरी घरी आली. हौसाने चाकांखाली लिंबं ठेवली, रणधीरने नारळ फोडला. गाडीला सांगितलं, चल. गाडी जागची हलेना. तिच्यातला बाईचा आवाज म्हणाला, "चाकाखाली अनोळखी वस्तू आहे. कृपया दूर करा."

"लिंबाला भ्याली," हौसा म्हणाली. "घाटात हिचं काय व्हणार?"

शेवटी समिधाने गाडी हाताने पुढे घेतली आणि लिंबं चिरडली. ओजसने टाळ्या वाजवल्या.

पहिल्या आठवड्यातच आकडा पन्नासच्या खाली आला. गाडी हुशार होती. मालकीण खूश नाही हे तिला कळत होतं आणि ती जिवाचं रान करत होती. कधी सीट मागे कलवायची, कधी ताठ करायची. स्प्रिंगा मऊ करायची. जुनी गाणी लावायची. एके दिवशी सकाळी तिने ओल्या हळदीचा वास सोडला, वाईच्या शिवारातल्यासारखा. समिधाने काच खाली केली.

"नाना, ही गाडी माझी फार काळजी घेते हो," संध्याकाळी येऊन ती म्हणाली. "मला गुदमरायला होतं."

माझं मत होतं की दोष बुटकेपणाचा आहे. बसणाऱ्याला लांबचं दिसलं पाहिजे. सगळ्यांना पटलं. आम्ही पुन्हा सगळे साताऱ्याला गेलो, पुन्हा दशम्या घेऊन, आणि ऐरावत नावाची उंच गाडी बघितली. हौसाला आत चढवायला मी आणि रणधीर दोघे लागलो. चढल्या चढल्या ती म्हणाली, "ही गाडी हाय का जत्रतला पाळणा?" समिधा म्हणाली, "पाळण्यातच बसवलंय तुम्हाला. रडू नका म्हणजे झालं." आकडा पुन्हा नव्वदच्या घरात. ऐरावत घरी आली, आणि दहा-बारा दिवसांत तिचाही आकडा चाळिशीला टेकला. माझं मत त्यानंतर कुणी विचारलं नाही.

गणपती गेल्यावर तिसरी आणली. मोरपंखी रंगाची, छतालाही काच. तिचंही तेच. दुकानात नव्वद, रस्त्यावर चाळीस. तौफिकने डोक्याला हात लावला. त्याने तारा तपासल्या, कापड बदललं. दर खेपेला हौसा समिधाच्या पाठीमागे बसलेली असायची आणि दर खेपेला आम्ही सगळे आकड्याकडे बघायचो. मागे कोण बसलंय, हे कुणी बघितलं नाही.

दसऱ्याला कारखान्यातून निरोप आला की घर रंगवून तयार आहे. समिधाने ओजसची न लागणारी खेळणी एका खोक्यात भरायला घेतली. मी विचारलं, ही आत्ताच कशाला? ती म्हणाली, नुसतं आवरतेय. ओजसने खोक्यातून लाकडी बैल काढला, तिने आत ठेवला, त्याने परत काढला. मी अंगणात जाऊन बसलो.

त्याच सुमारास हौसाची मैत्रीण सुगंधा घसरून पडली. ती पण जुनी कंडक्टर, घाटाच्या पलीकडे, शिरवळच्या वाटेवरच्या खंडाळ्याला राहते. तिला बघायला हौसा एक दिवस सकाळी समिधाच्या गाडीतून गेली आणि संध्याकाळी तिच्याच गाडीतून परत आली. दोघी फाटकातून आत आल्या त्या भांडतच. कशावरून ते मला आठवत नाही. मला एवढं आठवतं की समिधाने पर्स टाकली, पदर खोचला आणि कांदाभजी तळायला घेतली. मे महिन्यापासून संध्याकाळी ती आल्या आल्या आडवी व्हायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती ओजसबरोबर घोडा घोडा खेळली.

दुसऱ्या दिवशी तौफिक स्वतः घरी हजर. ओट्यावर बसून त्याने पाटी उघडली. "काल काय झालं, ताई? आकडा पंच्याण्णव! आमच्या पुण्याच्या साहेबांनी फोन केला. म्हणाले, जाऊन बघ, गाडीने असं काय केलं."

पाटीवर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. "निळी ताईंची. लाल मागच्या सीटची. बघा, एकीने उसळी घेतली की लगेच दुसरी घेते. हे इथं, बोगद्याच्या जरा आधी. इथं काय झालं होतं?"

समिधा आठवून म्हणाली, "तिथं आत्या म्हणाल्या की माझ्या माहेरी आमटीला फोडणी देत नाहीत, नुसती दाखवतात."

"आणि हे, इथं?"

हौसा म्हणाली, "हितं ही मला म्हणली, तुमी रिटायर झालात आन् यष्टी फायद्यात आली."

तौफिक पाटीकडे बघत राहिला. मग आमच्याकडे. मग त्याने मागच्या सगळ्या खेपा उघडल्या. भिंगरी, ऐरावत, मोरपंखी. सगळीकडे लाल आणि निळी रेघ हातात हात घालून डोंगर चढत होत्या.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ताईंना गाडी आवडलीच नव्हती कधी. ताईंना तुम्ही आवडता. आणि तुम्हाला ताई."

माझा चहा सांडला.

"मला?" हौसा म्हणाली. "हिच्यासंगं? आनंद?"

"काहीतरीच काय," समिधा म्हणाली.

"यंत्र बिघडलंय," दोघी एकदमच म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मला वाटलं, सुटला प्रश्न. हौसाने गाडीतून जायचं, खंडाळ्याला सुगंधाकडे उतरायचं, संध्याकाळी परत यायचं. तौफिकनेही तेच सुचवलं. दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या.

पण एकदा कळलं की कळलं. माणसाला सांगून बघा की तू चालताना उजवा पाय जरा तिरका टाकतोस, म्हणजे तो दिवसभर अडखळतो. या दोघींचं तसंच झालं. आतापर्यंत त्या भांडत होत्या ते भांडण म्हणून. आता तोंड उघडलं की दोघींनाही ती निळी आणि लाल रेघ दिसायची. समिधा म्हणायची, "आत्या, काच खाली करू का?" हौसा म्हणायची, "कर हां बाळ. तुला जमंल तशी." आकडा तिसाला आला.

घरात तर अवकळा आली. "आत्या, चहात आलं घालू का?" "घाल की. न्हाई घातलं तरी तुझ्या हातचा चहा ग्वाडच." मी कपाळाला हात लावला. रणधीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतंय."

पुण्याच्या साहेबांनी मग एक तोड काढली. गाडीत हौसाचा आवाजच बसवू. तौफिकने तिच्याशी दोन दुपारी गप्पा मारल्या, टोमणे गोळा केले आणि यंत्राला शिकवले. यंत्र नवे टोमणेही करायला शिकलं, अगदी तिच्यासारखे. हौसाला ऐकवलं तर ती कानावर हात ठेवून म्हणाली, "ही कोण बया? इतकी खवचट?"

समिधा हसली. दोन-तीन दिवस आकडा चढला. मग पडला.

"का गं?" मी विचारलं.

"टोमणे बरोबर मारते ती, नाना. पण मी काही बोलले तरी तिला लागत नाही," समिधा म्हणाली. "आत्यांना लागतं. मग त्या गप्प बसतात, आणि बोगदा संपायच्या आत असं काही काढतात की मला दोन दिवस पुरतं."

हे ती हौसासमोर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, पण तेव्हा दोघी सभ्य होत्या.

दिवाळी तोंडावर आली. रविवारी मोरपंखी गाडी परत करायची आणि सोमवारी कारखान्याच्या साहेबांना घरासाठी होकार द्यायचा, असं समिधाने ठरवलं. गाडी परत करायलाही आम्ही सगळेच गेलो. सुनेला एकटी कशी पाठवायची?  वाटेत गाडी आपली आपण चालली होती, तरी हौसाने एकदा "किती सुरेख चालवतीस" म्हटलं.

दुकानाच्या मागच्या आवारात मोडीत काढायच्या गाड्या उभ्या होत्या. तौफिक पाटीवर काहीतरी पुरं करत होता, म्हणून आम्ही तिथं सावलीला थांबलो. कोपऱ्यात एक जुनी गाडी होती. बॅटरीवरची, पण हाताने चालवायची. स्वतः चालणाऱ्या गाड्यांच्या आधीची. सीटला साधं रेक्झिन. रंग नारिंगी, तोही उडालेला. समिधा तिच्याभोवती एक चक्कर मारून आली. तिने दार उघडलं आणि बंद केलं. धाडकन आवाज झाला.

"आत्या, कशी आहे?"

"छान हाय हां," हौसा म्हणाली.

समिधाने तिच्याकडे वळून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. "आत्या, उद्या मी होकार देणार आहे. आज तरी खरं बोला."

 हौसाने पदराने तोंड पुसलं.

"खरं बोलू?"

"बोला."

"नासक्या गाजरागत दिसतीया. आन् दार लावलंस तवा मला वाटलं पत्र्याचा डबा पडला. हिच्यापेक्षा माझी शंभर ठिकाणी ठोकलेली यष्टी देखणी हुती."

"तुमच्या एसटीला निदान ड्रायव्हर चांगला होता. बडबड मागून व्हायची, त्याला ऐकू येत नव्हती म्हणून वाचला."

"माझ्या ड्रायव्हरनी खंबाटकी डोळं झाकून चढवली. ही गाडी घाटाच्या निम्म्यात बसंल, तुला घिऊन."

"नाही बसणार."

"पैज?"

"बसा आत मग! तौफिक, चावी दे हिची."

तौफिक पळत आला. "ताई, हिला मीटर नाही हो. हिच्यात तुम्हाला कसं वाटतंय ते कसं कळणार?"

"नको कळायला," समिधा म्हणाली.

हाताने चालवायच्या गाड्यांना नव्या बोगद्यात मनाई होती. त्यांना जुना खंबाटकी घाट मोकळा ठेवलेला होता. लांबचा, वळणांचा, जवळपास रिकामा. आम्ही पाचही जण त्या नारिंगी गाडीत बसलो. हौसाने पुढची सीट मागितली. तिला मागे बसून हिची बोलणी नीट ऐकू येत नव्हती म्हणे. ओजस माझ्या मांडीवर होता, रणधीरचे गुडघे हनुवटीला लागले होते. सुरूर फाट्यापर्यंत कडेच्या जुन्या रस्त्याने आलो आणि घाट लागला.

"गेर टाक."

"हिला गिअर नसतात, आत्या."

"मंग पाय दाब. बैलगाडी वर चढंल ह्येच्या आधी."

"बैलगाडीत तुम्हाला जुंपली तर चढेलच. तोंड थांबत नाही, पाय कसे थांबतील?"

"नाना, आयकतूस का रं तुझी सून?" हौसा मागे वळून म्हणाली. तिचं तोंड मी बघितलं. वाई आगारात पहिल्या दिवशी खाकी घालून गेली तेव्हा होतं तसं होतं ते.

गाडी चढली. कण्हत, कुथत, एका वळणावर तर माणसाच्या चालीने. रणधीरने मध्येच विचारलं, "उतरून ढकलू का?" दोघींनी एकदम "गप्प बस" म्हटलं. शेवटी माथ्यावर आली आणि समिधाने ती कठड्याजवळ उभी केली. खाली खंडाळ्याची बाजू उन्हात दिसत होती. नव्या रस्त्यावर स्वतः चालणाऱ्या गाड्यांची रांग एकसारखी सरकत होती.

"चढली," समिधा म्हणाली.

"चढली कसली. देवाला दया आली," हौसा म्हणाली. मग समोर बघत, समिधाकडे न बघता तिने विचारलं, "उद्या किती वाजता निघतीस?"

समिधाही समोरच बघत होती. "साडेसातला. घाटाने वेळ जास्त लागतो. उशीर केलात तर थांबणार नाही."

"मी गाडीची वाट बघायला लावली आसंल, बघितली कधी न्हाई. सातलाच येऊन बसंन. तूच वेणी घालत बसशील."

"खंडाळ्याला उतरवीन. संध्याकाळी सुगंधामावशींच्या दारात हॉर्न वाजवीन, एकदाच."

"दोनदा वाजव. ती बहिरी हाय, मी न्हाई."

समिधाने तिथूनच साहेबांना फोन केला. घर नको म्हणाली. साहेबांनी कारण विचारलं असावं. ती म्हणाली, "गाडी मिळाली, सर." मी ओजसचं डोकं छातीशी धरलं. जावळानंतरचे नवे केस हाताला टोचत होते.

तौफिकला कंपनीने नंतर विचारलं की त्या बाईंची मीटरची गाडी का परत आली. त्याने काय उत्तर दिलं माहीत नाही. तो मात्र पुढे दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येत राहिला. हौसा त्याला चकली वाढायची आणि विचारायची, "काय रं, यंत्र बरं झालं का तुझं?"

घाटाने प्रवास लांबला, पण समिधा कधी ताटावर झोपली नाही. हौसाने खंडाळ्यात सुगंधाच्या ओसरीवर बायकांचा अड्डा जमवला. निवृत्त कंडक्टर बायका लांबून लांबून यायच्या. कधी पाय दुखला, कधी पावसाने घाट बंद झाला, तेवढेच दिवस तिने चुकवले. नारिंगी गाडीचं दार दोनदा बदललं, बॅटरी एकदा. गाडी बदलायची गोष्ट निघाली की दोघी कुठली घ्यायची यावर भांडायच्या आणि विषय तिथंच राहायचा. ओजस शाळेत जायला लागला. रणधीर त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. घरातलं कुणी कुठं गेलं नाही.

२०५० च्या दिवाळीनंतर हौसाला दम लागायला लागला. डॉक्टरांनी घाट बंद केला. मग समिधा घरी आली की तिच्या खाटेशी बसायची, आणि दिवसभराचं राहिलेलं दोघी तिथं पुरं करायच्या. शेवटच्या रात्री जेवताना वरणात हिंग किती यावरून त्यांचं वाजलं. हौसा म्हणाली, "उद्या बोलू, आता झोप आलीया."

माझी बहीण हौसाबाई धोत्रे, एसटीच्या वाई आगारातली निवृत्त वाहक, ९ फेब्रुवारी २०५१ रोजी पहाटे वाईच्या राहत्या घरी वारली. तिचं वय एकाहत्तर होतं.